तू बसलीस की बंद पडणारी गाडी

भागू, आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लालबागच्या डंकावरून मसाला कुटून आणला. तू जीपमध्ये बसायला तयार नव्हतीस. मी आदल्या दिवशी बॅटरीची अर्थिंगची पट्टी नवी टाकली होती आणि तुला छातीला हात लावून सांगितलं होतं, आता बंद पडली तर मिशी काढून टाकीन. तू म्हणालीस, मिशी रवांदे, घरात तेवढीच एक वस्तू धड हा. तरी बसलीस. जाताना मिरच्या-धण्यांचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होतीस. गाडी सुरळीत गेली. मी मिशीवरून हात फिरवला, तू तोंड फिरवून हसलीस.

येताना डबा गरम होता, म्हणून तो तू पायाशी ठेवलास. नाक्यावर मी वळण घेतलं आणि गाडी मेली. गचका नाही, खोकणं नाही. हॉर्न दाबला तर हॉर्नही गप्प. मागून ट्रामवाला घंटा बडवायला लागला. मी बॉनेटचा खटका काढायच्या आधीच तू खाली उतरलीस, पदराची चुंबळ केलीस, डबा डोक्यावर घेतलास आणि फुटपाथ गाठलास. मी उगाच दोन वायरी हलवल्या, चावी फिरवली, गाडी लगेच चालू.

मग मी फर्स्ट गिअरमध्ये तुझ्या बाजूबाजूनं गाडी घेत राहिलो. बस गो भागू, म्हणत राहिलो. माणसं बघत होती. तू मान न वळवता म्हणालीस, "तुमी या घेवन. ती तुमच्यासाठी चलता. माका बघून तिचो जीव जाता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तू भरलेली कळशी खाली ठेवलीस आणि तिच्या बाजूला बसलीस. उठली नाहीस. डॉक्टर हार्ट म्हणाला. मी चौथी शिकलेला माणूस, मला त्याचं बोलणं कळलं नाही. एवढंच कळलं की सगळं एकदम बंद झालं आणि या वेळी उघडून बघायला मला काही मिळालं नाही. न्हाव्यानं डोकं भादरलं, मिशी काढली. पैज हरलो होतोच.

आता हे लिहितोय कारण तू मला एक काम सांगून ठेवलं होतंस. ते तुझ्या हयातीत झालं नाही.

ज्यांना आपली जीप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लढाई संपल्यावर गोऱ्या सोल्जरांच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ही. स्टिअरिंग डाव्या हाताला. म्हणजे मी फुटपाथच्या बाजूला आणि बाजूला बसणारा रस्त्याच्या मध्यावर. जन्म गाड्यांच्या वायरी जोडण्यात गेला, तेव्हा वाटलं एक आपली असावी. चिंचपोकळीला चाळीसमोर ती पहिल्यांदा उभी केली तेव्हा तू तिला ओवाळलंस आणि बायकांना म्हणालीस, ही माजी सवत, आता ह्यांचो पगार हिच्या पोटात. किराणा दुकानदारांची पोती, लग्नाची भांडी, नाटकाचे पडदे, सगळं तिनं वाहिलं. तेव्हाच ती म्हातारी होती. मडगार्ड रामा पत्रेवाल्याच्या ठोकणीवर उभं होतं. पण बंद कधी पडत नव्हती. बंद पडायला लागली गेल्या दोनतीन वर्षांत. आणि पडायची ती तू बाजूला असतानाच.

पहिल्यांदा आपण हसलो. तूच जास्त. मी बसलंय काय हिका मरान येता, म्हणायचीस. मी कॉइल बदलली, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, बॅटरीची टोकं सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली. सोडा तुझ्याच फळीवरचा. दर वेळी वाटायचं, सापडला दोष. आठ-आठ दिवस पोती वाहायची, कुरकुर नाही. मग तू बसायचीस, आणि कुठल्यातरी नाक्यावर सगळं एका क्षणात ठार.

मग ती मोर्चाची सकाळ. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, यासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. आपल्या जीपवर मंडपवाल्याचा भोंगा बांधला होता, तिच्याच बॅटरीवर. चाळीच्या बायका पहिल्यांदाच निघाल्या होत्या, त्यांच्या पुढं कुणीतरी वयस्कर बाई दिसली पाहिजे म्हणून पोरांनी तुला जीपमध्ये बसवलं. तू ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस. मागं उभा राहून चाळीतला बाबू घोषणा देत होता. समोर पोलीस दिसले, मी जोरात डावीकडं घेतली आणि भोंगा अर्ध्या घोषणेत मुका झाला. इंजिन मेलं. मागं हजारो माणसं, पुढं लाठ्या, मध्ये आपलं भंगार. तू घाईनं उतरलीस आणि तुझा पाय जमिनीला लागतो न लागतो तो भोंगा बोलायला लागला. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, काकी उतरली नि महाराष्ट्राक वाचा फुटली. हसले सगळे. मीसुद्धा हसलो असेन.

तू नाही हसलीस. पुढच्या मोर्चाच्या वेळी बाबू दारात आला. चप्पल काढून, खाली बघून म्हणाला, काकी, आज तुम्ही गाडीत नको, चालत या. तू बरं म्हणालीस. आणि गेलीच नाहीस. गॅलरीत उभी राहून बघत होतीस. मी भोंगा घेऊन खालून गेलो तेव्हा हात केलास.

आणि माझ्या बहिणीला, आक्काला, हे नायगावात कळायला कितीसा वेळ लागणार. आक्कानं तुला लग्नाच्या पहिल्या वर्षीच पांढऱ्या पायाची ठरवलं होतं. तू उंबरठा ओलांडलास आणि माझा धाकटा भाऊ तापानं गेला, म्हणून. मग मूल झालं नाही, म्हणून. मग बरीच वर्षं तिला नवीन काही मिळालं नाही, तेवढ्यात ही जीप मिळाली. गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाली, लोखंडाला कळतं ते आमच्या दत्तूला कळत नाही.

त्या संध्याकाळी तू मोदकाची पातेली घासत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "खरा सांगा. तुमका काय वाटता?"

"वायर आहे कुठंतरी," मी म्हणालो.

"मग सोधून काडा. दोष गाडीचो काय माजो, ता एकदा कायते होवंदे."

तुझ्या तोंडून एवढं एकच मागणं मी ऐकलं. तू साडी मागितली नाहीस, माहेरी नेऊन सोड म्हणाली नाहीस. वायर शोध म्हणालीस. मी शोधत होतो भागू, देवाशपथ. पण बंद पडलेली गाडी हातात आली तर दोष सापडतो. ही माझ्या हातात येईपर्यंत चालू झालेली असायची.

तू गेल्यावर काय झालं ऐक. गाडी एकदाही बंद पडली नाही.

स्मशानातून येताना पडली नाही. भटजींना आणायला गेलो, पडली नाही. आक्का सुतकासाठी येऊन राहिली होती. तिनं गॅलरीतून गाडी येताना बघितली आणि शेजारणीला म्हणाली, "बगलंस? ती गेली नि गाडी सुदारली."

मी जिन्यात होतो. वर जाऊन जेवायला बसलो. माझ्या मनात आलं, खरं असेल तर? लपवत नाही तुझ्यापाशी. एवढी वर्षं ह्या बोटांनी वायरी ओळखल्या, आणि त्या ताटावर बसून मी विचार केला, खरं असेल तर. मग ताट सरकवलं आणि पाना घेऊन खाली गेलो. आक्का मागनं ओरडली, सुतकात लोखंड हातात? मी म्हणालो, सुतक माझ्या बायकोचं आहे, तिचंच काम करतोय.

त्या दिवसापासून माझी एकच कामना, ही गाडी बंद पडू दे. लोक गाडी चालू राहावी म्हणून नारळ फोडतात. मी ती मरावी म्हणून हिंडत होतो. परळला गेलो, दादरला गेलो, ठाकूरद्वारच्या गल्ल्यांत घातली, चढावर दाबली, खड्ड्यात आपटली. बाजूची सीट रिकामी. ट्रामच्या रुळांवर मुद्दाम चाक घातलं, सगळा सांगाडा खडखडला, पण इंजिन शिंकलंसुद्धा नाही. हॉर्न वाजवत होतो, दिवे दिवसाढवळ्या लावून ठेवले होते. मर की भवाने, म्हणत होतो. एका हवालदारानं थांबवलं आणि विचारलं, म्हातारबा, दिवे का?

रामाकडं गेलो. रामा म्हणजे नायगावच्या बीडीडी चाळीतला आपला पत्र्याचा कारागीर, तुझ्या हातच्या घावण्यांसाठी मडगार्ड उगाच दोनदा बघायला यायचा तो. बौद्ध झाल्यापासून त्यानं घरातले सगळे गंडेदोरे काढून टाकले आहेत. त्याला म्हटलं, मला वायर सापडली नाही तर भागू कायमची पांढऱ्या पायाची राहील. त्यानं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "दत्तूदादा, पांढरे पाय काळे पाय असलं काय नसतं. वहिनी सोन्यासारखी बाई. पण चालत्या गाडीला हात लावू नये, हे आपल्या धंद्यात बापानं पोराला सांगितलंय. तू उघडशील आणि आहे ते बिघडवशील."

मी म्हणालो, तेच तर पाहिजे.

तो हसला नाही. उठला आणि तुझ्या जागेवर बसला. म्हणाला, वजनाचा प्रकार असेल, चल बघू. आम्ही भोईवाड्यापर्यंत जाऊन आलो. रामा वरच्या कापडी छपराची कड धरून आरामात बसला होता, विडी ओढत. काही झालं नाही. तांदळाचं पोतं ठेवून बघितलं. काही नाही. उतरताना रामा म्हणाला, सोड आता. त्याच्या आवाजावरून मला कळलं, आता तोपण मनात काहीतरी धरून बसलाय. तेव्हा मी खरा घाबरलो. रामासारखा माणूस डगमगला तर तुझ्या बाजूनं उरलं कोण?

तेराव्याच्या आदल्या दुपारी, वर बायका पुरणाचं बघत होत्या, मी खाली गाडीपाशी. एवढं ठाऊक होतं की सगळं एकदम मरतं. इंजिन एकटं मेलं तर कॉइल, पॉइंट. हॉर्न, दिवे, भोंगा, सगळं एकत्र मेलं म्हणजे बॅटरीपासून निघणारी पहिलीच वाट कुठंतरी तुटते आणि लगेच जुळते. ती वाट मी बॉनेटखाली हातानं चाचपून काढली होती. बॉनेटच्या अलीकडं, डॅशबोर्डाच्या पत्र्यामागं, काट्याच्या मीटरला ती जोडलेली. तिथंही बघितलं होतं. नट घट्ट होता.

इंजिन चालू ठेवलं आणि मी तुझ्या जागेवर जाऊन बसलो.

भागू, एवढ्या वर्षांत मी त्या जागेवर कधी बसलोच नव्हतो. तिथं पायाखाली ब्रेक नाही. हातात चाक नाही. दार नाही, नुसती उघडी कड. आणि रस्त्याच्या मध्यावर बसलेलो. समोरून ट्राम येत होती ती माझ्या गुडघ्यावरनं जाणार असं वाटलं. गाडी उभी होती तरी माझा पाय आपोआप पत्र्यावर दाबला गेला, ब्रेक शोधत. तिथला रंग गेलेला होता. दोन पावलांएवढा. मग हात पुढं गेला. डॅशबोर्डाला त्या बाजूला एक लोखंडी दांडी असते, बसणाऱ्यानं धरायची. सगळी गंजलेली, फक्त मध्ये मुठीएवढी जागा चकचकीत. तुझी मूठ. मी माझी त्यावर ठेवली तर माझी मोठी पडली.

ट्राम जवळ आली आणि मी ती दांडी ओढली. तू ओढत असशील तशी, जिवाच्या करारानं.

इंजिन मेलं.

मी दांडी तशीच धरून डाव्या हातानं हॉर्न दाबला. मुका. दांडी सोडली, पुन्हा दाबला. वाजला. ओढली, मुका. सोडली, वाजला. मी तो हॉर्न किती वाजवला असेन, सगळी चाळ गॅलरीत आली. कुणीतरी म्हणालं, दत्तूच्या डोक्यावर परिणाम झाला. मी रडत होतो हे खरं आहे, पण डोकं ठिकाणावर होतं.

दांडीपाशी पत्रा चिरलाय. दांडी ओढली की तो केसभर वाकतो. मागची मुख्य वायर वरून धडधाकट, आत तांब्याच्या तारा तुटून नुसत्या एकमेकींना टेकलेल्या. पत्रा वाकला की त्या दूर होतात, सोडला की टेकतात. पोत्याला हात नसतात. रामाला भीती नसते. आणि तू, बंद पडली रे पडली की शरमून उतरायचीस, म्हणजे दांडी सोडायचीस, म्हणजे गाडी जिवंत. मसाला आणायला जाताना तुझे दोन्ही हात डब्यावर होते, म्हणून गाडी चालली. येताना ते रिकामे झाले.

एवढी तू घाबरत होतीस? सांगितलं का नाहीस गो? दर्यावरच्या खलाशाची पोर तू, बायकांना सांगायचीस, आमका कसली भीती, आमी वादळात होडयेत जेवलाव. आणि माझ्या बाजूला बसून मूठ आवळून लोखंडाचा गंज घासून काढत होतीस. मला गाडीत तुला बसवून मिरवायचं होतं, ते तुला कळत असणार. म्हणून बसत राहिलीस. त्याबद्दल मला तुझ्याशी भांडायचं होतं. आता कुणाशी भांडू? तू असतीस तर म्हणाली असतीस, सापडली ना वायर, मग हात धुवा नि जेवूक बसा.

मी वायर जोडली नाही. तशीच ठेवली.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का परत नायगावला निघाली. मी म्हणालो, सोडतो. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं, ते मी काढून मागं ठेवलं. म्हटलं, हात मोकळे राहू देत. लालबागपर्यंत ती तुझी सीट कशी पुसायला हवी ते सांगत होती. परळच्या वळणावर समोरून ट्राम आली, आक्कानं अगो बाय म्हणत दांडी धरली आणि ओढली.

गाडी मेली. मागं घोडागाडीवाला शिव्या द्यायला लागला.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "मी काय केलंय?"

"उतर," मी म्हणालो.

उतरली. चावी फिरवली, गाडी चालू. आक्का रस्त्यात उभी, पदर तोंडाला. फुटपाथवरचे दोघंतिघं हसत होते. मला वाटलं होतं, हे बघून मला गार वाटेल. नाही वाटलं. तू उभी राहायचीस तशीच ती उभी होती. मी गाडी कडेला लावली, तिला हाताला धरून आणलं, डॅशबोर्डामागं हात घालून वायर खाली ओढून दाखवली. इथं तुटलीये. ही दांडी ओढली की सुटते. तुझ्यामुळं नाही आणि तिच्यामुळंही नव्हतं.

आक्का वाकून बघत राहिली. मग दांडीवरची ती चकचकीत जागा तिनं बोटानं चाचपली.

"भागी हीच धरी?"

"हो."

"भियायची?"

"तुझ्यासारखीच."

आक्का माफी मागणाऱ्यातली नाही, तुला माहीत आहे. मी पक्कड काढली, तुटकं कापून टाकलं, तारा सोलल्या, पीळ दिला, वर पट्टी गुंडाळली. ती बाजूला उभी होती, हात पाठीशी धरून. मीटरवरचा नट फिरवत होतो तेव्हा म्हणाली, "घट आवळ, दत्तू." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "अजून आवळ."

मग ती बसली. मी म्हटलं, धर दांडी, ओढ किती ओढायची ती. तिनं दोन्ही हातांनी ओढली. इंजिन चालू राहिलं.

नायगावपर्यंत मी गाडी हळू चालवली, भागू. सगळ्या गाड्यांना पुढं जाऊ दिलं.